रोजच्या शेव्हेलला मागचा गिअर कोणता? आधी एकदा सेकंड गिअरमध्ये ऑफिसला जाऊन या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे शेव्हर्ले कंपनीची १९७० ची शेव्हेल मॅलिबू आहे. ३५० घन इंचांचं इंजिन, त्यात मूळपेक्षा जरा गरम कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा), टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे दहा बोल्टचा अ‍ॅक्सल आणि त्यात २.७३ चा गिअर. टायर २३५/६०, पंधरा इंची रिमवर. गाडी रविवारपुरती नाही, टेक्सासमध्ये केटीहून ह्यूस्टन डाउनटाउनला रोज जाऊन-येऊन ६० मैल चालते. तक्रार एकच, सिग्नलवरून उठत नाही. मित्र म्हणतो ४.१० टाक, पार्टवाला म्हणतो ३.७३ घे, आणि तुम्ही विचारताय की या दोघांतलं कोण बरोबर.

माझं मत असं की आज तुमच्या गाडीत जो गिअरबॉक्स आहे तो तसाच राहणार असेल, तर दोघंही चूक आहेत. का, ते सविस्तर सांगतो. मी गेली बावीस वर्षं मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेला हेच काम करतोय. त्याआधी सांगलीला ट्रकच्या गॅरेजात शिकलो. मागच्या गिअरच्या या दातेरी जोडीला तिथे आपण क्राउन-पिनियन म्हणतो, आणि अजूनही माझ्या तोंडी तोच शब्द आहे.

तुम्ही आकडा विचारलात, पण खरी अडचण दोन वेगवेगळ्या वेळांची आहे. एक वेळ सिग्नल सुटल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच सेकंदांची, तर दुसरी आय-१० हायवेवर ताशी ७० मैलांनी सलग जाण्याची. मागचा गिअर एकच असतो आणि तो दोन्हीकडे लागू होतो. पहिल्या पाच सेकंदांना जे द्याल ते हायवेवरच्या प्रत्येक मिनिटाकडून काढून घ्याल. तीन गिअरच्या बॉक्सला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर, नसतो, तिसरा गिअर म्हणजे सरळ एकास एक. त्यामुळे क्राउन-पिनियनचा आकडा हाच हायवेवरचा शेवटचा शब्द ठरतो.

आकड्याचा अर्थ सोपा आहे. ३.७३ म्हणजे क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ११. चाकाच्या एका फेऱ्याला, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो. आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि इंजिनचे फेरेही जास्त. इथल्या लोकांच्या बोलण्यात 'हाय गिअर' हा शब्द कुणी मोठ्या आकड्यासाठी वापरतं, कुणी लहान आकड्यासाठी, आणि त्यातून चुकीचे पार्ट घरी येतात. म्हणून फोनवर ऑर्डर देताना नेहमी आकडाच सांगा, शक्यतो दातांसकट.

आता हिशोब. ताशी मैल गुणिले मागचा गिअर गुणिले ३३६, आणि त्याला टायरच्या इंचातल्या व्यासाने भागायचं. तुमच्या टायरचा कागदावरचा व्यास २६.१ इंच. म्हणजे ताशी ७० मैलांना, तिसऱ्या गिअरमध्ये, आजच्या २.७३ वर इंजिन साधारण २,४६० आरपीएमवर फिरतं. ३.०८ टाकला तर २,७७५. ३.३६ ला ३,०३०. ३.७३ ला ३,३६०. आणि मित्राच्या ४.१० ला जवळजवळ ३,७००. तुमच्या टर्बो ३५० च्या कन्व्हर्टरला (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉकअप, म्हणजे घट्ट जोडणारं कुलूप, नाही, त्यामुळे तो थोडा घसरतोच. वरच्या प्रत्येक आकड्यात आणखी शंभर-दीडशे धरून चला.

टायरचा व्यास कागदावरून घेऊ नका असंही सांगेन. गाडीच्या वजनाने रेडियल टायर खाली बसतो आणि प्रत्यक्ष व्यास थोडा कमी भरतो. टायरच्या तळाशी आणि बरोबर त्याखाली जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या, पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर इंचात मोजून ३.१४ ने भागा. आलेला आकडा तुमचा खरा व्यास. दुसरं, मागे आत्ता २.७३ च आहे हे तुम्हाला कशावरून माहीत? विकणाऱ्याने सांगितलं म्हणून? पन्नास वर्षांत या गाड्यांचे अ‍ॅक्सल कितीदा बदललेत याला गणती नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टवर आधी खडूची रेघ मारून ठेवलेली असू द्या आणि तो किती फिरतो ते कुणाला तरी मोजायला सांगा. पावणेतीनच्या किंचित आत थांबला तर २.७३. एक चाक उचलून ते फिरतच नसेल, तर आत लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना बरोबर ओढायला लावणारी यंत्रणा) आहे आणि दोन्ही चाकं उचलून एकच फेरा मोजावा लागेल.

आता शीर्षकातली गोष्ट, जी मी गिअर बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी करायला लावतो. टर्बो ३५० चा दुसरा गिअर १.५२ चा आहे. २.७३ गुणिले १.५२ म्हणजे ४.१५. नीट बघा, तुमच्या गाडीत ४.१० आत्ताच बसलेला आहे! सिलेक्टर सेकंडला ठेवून केटीहून ऑफिसला जा, ताशी ७० मैलांनी, नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेळी. जो आवाज, जी थरथर, आणि तापमानाच्या काट्याचं जे काही होईल, ते ४.१० टाकल्यावरचं तुमचं रोजचं आयुष्य आहे. अर्ध्या तासाने ठरवा. इंजिन धडधाकट असेल तर या फेऱ्यांनी त्याला काही होत नाही, तेल आणि पाणी मात्र आधी बघून घ्या. ३.३६ चा आवाज ऐकायचा असेल तर सेकंडमध्येच ताशी ५७ मैलांवर धरून ठेवा. वाऱ्याचा आवाज कमी असेल, पण इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर असेल. ही चाचणी फुकट आहे, आणि हिने माझ्याकडच्या निम्म्या लोकांचं मत बदललं आहे.

माझं स्वतःचं मत मात्र चाचणीने नाही, अनुभवाने बदललं. माझी १९६९ ची नोव्हा होती, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, आणि मी मोठ्या हौसेने मागे ४.१० बसवला. तेव्हा दुकानापासून ३५ मैलांवर राहत होतो, आय-७५ वरून रोजची ये-जा. पहिले दोन आठवडे प्रत्येक सिग्नल सण वाटायचा. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. हायवेवर बायकोशी बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा, म्हणून आम्ही बोलणंच सोडून दिलं होतं. पेट्रोल पंपावरचे चेहरे ओळखीचे झाले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत मी आठवड्यातून तीन दिवस दुसरी गाडी नेऊ लागलो होतो. नोव्हा तशीच गॅरेजात, मला तिच्यावर इतकं प्रेम असूनही. हिवाळ्यात तो सेट काढून ३.३६ घातला आणि एप्रिलपासून ती गाडी पुन्हा रोज रस्त्यावर आली. तेव्हापासून मी गिअर मोजताना एकच कसोटी लावतो, हा गिअर टाकल्यावर माणूस ही गाडी मंगळवारी सकाळी पावसात नेईल का.

मग त्या काळी कंपन्यांनी एवढे मोठे आकडे दिलेच का, हा रास्त प्रश्न आहे. दिले, पण ते विशिष्ट गिऱ्हाइकासाठी. फोर्डने १९६९-७० मध्ये मस्टँगच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनावर ड्रॅग पॅक म्हणून ३.९१ किंवा ४.३० दिला, आणि तो घेतला की इंजिनही आतून जास्त मजबूत मिळायचं. क्रायस्लरच्या सुपर ट्रॅक पॅकमध्ये डेना ६० अ‍ॅक्सलवर ४.१० होता. नावांतच सगळं आहे, या गाड्या पाव मैलाच्या शर्यतीसाठी मागवल्या जात. पेट्रोलही १९७० ला गॅलनला साधारण ३६ सेंट होतं. पण त्याच शोरूममधून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाड्यांना, विशेषतः एसी घेतलेल्यांना, मागे २.५६, २.७३, ३.०८ असेच आकडे असायचे. तुमच्या मॅलिबूतला २.७३ ही कुणाची कंजुषी नाही, ती हायवेवर शांत चालणारी कुटुंबाची गाडी म्हणून मुद्दाम तशी बनवली होती. शर्यतीच्या गाड्यांच्या गोष्टी टिकल्या, शांत गाड्यांच्या कुणी सांगितल्या नाहीत, म्हणून आज सगळ्यांना ४.१० हाच खरा मसल कारचा गिअर वाटतो.

तुमच्या रोजच्या वापराचा एक आकडा देतो. ताशी ७० ला २.७३ वर इंजिन मैलाला साधारण २,१०० फेरे मारतं, ४.१० वर जवळजवळ ३,१७०. रोज ६० मैल, वर्षाला २४० दिवस धरले आणि सगळा रस्ता याच वेगाने धरला, तर वर्षाकाठी दीड कोटी फेरे जास्त. प्रत्यक्षात ट्रॅफिकमुळे थोडे कमी होतील, पण रिंगांवर, कॅमवर, वॉटर पंपवर ते मोजले जातातच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सगळ्यात पहिली म्हणजे तुमचा कॅम. 'जरा गरम' म्हणजे नेमका किती? मोठा कॅम खालच्या फेऱ्यांवर व्हॅक्यूम धरत नाही, १,८०० वर हायवेला चालवलं तर गाडी उचक्या देते आणि उलट जास्त पेट्रोल पिते. अशा इंजिनाला २,३००-२,४०० च्या वर ठेवलं तरच ते गुळगुळीत चालतं. म्हणजे आकडा जितका लहान तितकी बचत जास्त, हे गणित एका मर्यादेपर्यंतच खरं. दुसरं, तुमचा रस्ता. ह्यूस्टन सपाट आहे. कोलोरॅडोत राहून रोज डोंगर चढत असतात तर मी वेगळं बोललो असतो. तिसरं, केटी फ्रीवेवर तुम्ही खरोखर ७० ने जाता की अर्धा वेळ ताशी १५ ने सरकता? मला पाट्यांवरचा वेग नको, तुमचा हवा. आठवडाभर बघा आणि तोच वेग वरच्या सूत्रात घाला.

पैसे खर्च करण्याआधी अजून एक गोष्ट. ३५० चं इंजिन आणि साधारण ३,४०० पौंडांची गाडी २.७३ वरही इतकी मरगळलेली नसते. उठतच नाही म्हणजे मला आधी इंजिनाकडे संशय जातो. इंजिन बंद करून कुणाला तरी आत बसवा, पेडल तळापर्यंत दाबायला सांगा, आणि एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरमध्ये टॉर्च मारा. थ्रॉटलच्या पट्ट्या पूर्ण उभ्या होतायत का? जाड कार्पेट, ताणलेली केबल, वाकलेला कंस, यांमुळे तीन-चतुर्थांशच उघडणाऱ्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता ही माझी पहिलीच तपासणी असते. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. अशा इंजिनाला सुरुवातीचं १० ते १४ डिग्री आणि एकूण मेकॅनिकल ३४-३६ च्या आसपास हवं, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स जोडलेला हवा. कुणीतरी तो काढून नळीला स्क्रू लावून ठेवलेला असतो. तिसरी गोष्ट टर्बो ३५० ची डिटेंट केबल. ती तुटलेली किंवा सैल असेल तर पेडल दाबून गिअर खाली पडतच नाही, आणि माणूस मागच्या गिअरला दोष देत राहतो. या तिन्हींचा खर्च एका शनिवारचा आहे.

हे सगळं ठीक असूनही गाडी जड वाटत असेल, तर मग गुणाकाराकडे या. सिग्नलवर चाकाला जे मिळतं ते पहिला गिअर गुणिले मागचा गिअर. टर्बो ३५० चा पहिला २.५२. २.७३ बरोबर गुणाकार ६.९ होतो, आणि तो खरंच कमी आहे. ३.०८ बरोबर ७.८, ३.३६ बरोबर ८.५, ३.७३ बरोबर ९.४. माझ्या अनुभवात ऑटोमॅटिकला साडेआठ-नऊच्या आसपास आलं की रस्त्यावरची गाडी चपळ वाटते, कारण कन्व्हर्टर स्वतःही सुरुवातीला टॉर्क वाढवतो. मॅन्युअलला क्लचवर सगळा भार येतो, तिथे मला दहाच्या जवळ बरं वाटतं.

या गुणाकारात दोन आकडे आहेत, आणि सगळे फक्त दुसऱ्याच्या मागे लागतात. ओव्हरड्राइव्हचा २००-४आर गिअरबॉक्स घ्या. पहिला गिअर २.७४, चौथा ०.६७. मागे ३.७३ ठेवला तर सिग्नलवर गुणाकार १०.२ येतो आणि ताशी ७० ला इंजिन २,२५० वर, म्हणजे आजच्या तुमच्या २.७३ पेक्षाही शांत. दोन्ही वेळा सांभाळल्या गेल्या. ७००आर४ चा पहिला ३.०६ चा आहे, त्याच्याबरोबर नुसता ३.०८ ठेवला तरी गुणाकार ९.४ येतो, म्हणजे पार्टवाल्याच्या ३.७३ ला टर्बो ३५० जे देईल तेवढंच. पण त्यात पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फेरे जवळजवळ निम्म्याने पडतात, ३.०६ वरून थेट १.६३, आणि वरच्या फेऱ्यांवर जागं होणाऱ्या कॅमला ती दरी जाणवते. शेव्हेलसाठी मला २००-४आर आवडतो. त्याची लांबी आखूड शेपटीच्या टर्बो ३५० एवढीच आहे, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट सहसा तोच चालतो, फक्त खालचं माउंट मागे, टर्बो ४०० च्या जागी येतं. एक ताकीद मात्र मनापासून देतो. या बॉक्सची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल कार्ब्युरेटरला अचूक जुळलीच पाहिजे. ती आतला दाब ठरवते. अंदाजाने लावून चालवलं तर काही मैलांत क्लच जळतात. मी असा एक बॉक्स उघडला होता, दुसऱ्या कुणीतरी बसवलेला, नव्या बांधणीचा. पॅन काढल्यावर तेल काळं आणि जळका वास दुकानभर. मालक एकदाही जोरात गेला नव्हता, केबलच्या टोकाचा तुकडा चुकीचा होता एवढंच.

ओव्हरड्राइव्हवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आणखी एक. ओव्हरड्राइव्ह इंजिनाचे फेरे कमी करतो, प्रोपेलर शाफ्टचे नाही. शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे आहे. ३.७३ बरोबर ताशी ७० ला तो ३,३६० नेच फिरणार, आज फिरतो त्यापेक्षा नऊशेने जास्त. २.७३ वर कधीच न जाणवलेली थरथर नव्या गिअरवर अचानक ६० च्या पुढे पायाला लागते आणि लोक म्हणतात गिअर खराब लागला. बहुतेकदा शाफ्टचा बॅलन्स, झिजलेला युनिव्हर्सल जॉइंट किंवा पिनियनचा कोन यांतलं काहीतरी असतं. गिअर बदलताना शाफ्ट बाहेर निघतोच, तेव्हाच जॉइंट नवे टाका आणि बॅलन्स करून घ्या.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला. तीन गिअरचा बॉक्स कायम ठेवणार असाल तर ३.०८. सिग्नलवर आजच्यापेक्षा तेरा टक्के जास्त ओढ मिळेल, आणि हायवेवर तीनशेच फेरे वाढतील. फार तर ३.३६, ती माझी रेषा आहे, तीही सेकंडमध्ये ५७ ची चाचणी करून कान राजी असेल तरच. आणि येत्या दोन वर्षांत ओव्हरड्राइव्ह घेण्याचा मनसुबा असेल, तर आत्ता मागच्या गिअरला हातच लावू नका. आधी गिअरबॉक्स बदला. २००-४आर च्या मोठ्या पहिल्या गिअरमुळे २.७३ वरही सुरुवातीची ओढ नऊ टक्क्यांनी वाढेल. चौथ्यात ७० ला इंजिन साडेसोळाशेवर येईल, ते तुमच्या कॅमला झेपणार नाही, म्हणून तोवर हायवेला तिसऱ्यात चालवा. मग पैसे जमले की थेट ३.७३ टाका. मधल्या काळासाठी ३.०८ घालून नंतर पुन्हा तेच काम करणं म्हणजे सेटिंगची मजुरी, बेअरिंगं आणि सील दोनदा.

३.०८ सुचवण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. तुमचा अ‍ॅक्सल मूळचाच असेल तर तो ८.२ इंची दहा बोल्टचा. क्राउन ज्या कॅरिअरवर बोल्टने बसतो तो या अ‍ॅक्सलमध्ये दोन प्रकारचा येतो, एक ३.०८ पर्यंतच्या गिअरांसाठी, दुसरा ३.३६ पासून पुढे. कारण आकडा वाढला की पिनियन बारीक होतो आणि क्राउनला त्याच्याकडे सरकावं लागतं. म्हणजे ३.०८ तुमच्या आजच्याच कॅरिअरवर बसेल, ३.३६ किंवा ३.७३ ला कॅरिअरही नवा लागेल. नवा घ्यायचाच आहे तर लिमिटेड स्लिपचाच घ्या, पैशातला फरक सोसण्यासारखा असतो आणि काम एकदाच होतं. फक्त ह्यूस्टनच्या पावसात पहिले काही दिवस जपून. एक चाक फिरणाऱ्या गाडीत चूक झाली तर चाक नुसतं फिरतं, दोन्ही फिरली तर शेपूट बाजूला जातं. हे वाचणाऱ्यांत कुणाकडे फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल असेल तर त्यांना ही कॅरिअरची अडचण नाही. त्याचा पूर्ण गड्डा पुढून बाहेर येतो, दोन गड्डे तयार ठेवून बदलणारे लोकही आहेत.

आता बसवण्याबद्दल, कारण ३.३६ की ३.५५ यावर महिनाभर वाद घालणारे लोक बसवणाऱ्याला एक प्रश्न विचारत नाहीत. क्राउन आणि पिनियन जोडीने घासून जुळवलेले असतात, जोडी कधीही फोडायची नाही. पिनियन किती खोल बसतो ते शिमने (पातळ चकत्यांनी) ठरतं, दातांमधली फट साधारण ०.००६ ते ०.०१० इंच ठेवायची, पिनियनच्या नव्या बेअरिंगांना फिरवायला किती जोर लागतो तो इंच-पौंडांच्या पान्याने मोजायचा. आणि या सगळ्यानंतर दातांना पिवळी पेस्ट लावायची. मी चार-पाच दातांना ब्रशने पातळ थर देतो, एका हाताने फडकं धरून योक (पिनियनचं बाहेरचं टोक) आवळतो म्हणजे दातांवर भार येतो, आणि दुसऱ्या हाताने पान्याने क्राउन पुढे-मागे फिरवतो. पेस्ट जिथे पुसली जाते तो ठसा वाचायचा. दाताच्या माथ्याशी गेला असेल तर पिनियन उथळ आहे, मुळाशी गेला असेल तर जास्त खोल. मधोमध, लांबट, कडा विरघळत गेलेला ठसा आला की मग झाकण लावायचं. कधी दोन फेऱ्यांत येतो, कधी सहा वेळा पिनियन दाबून काढावा लागतो, आणि त्या सहाव्या वेळी कंटाळा न करणं हेच या कामाचं कसब आहे. बसवणाऱ्याला सांगा, ठशाचा फोटो हवा. चांगला माणूस लगेच देतो. फोटो कशाला म्हणून जो चिडतो त्याच्याकडून गाडी परत आणा. शर्यतीचे म्हणून मिळणारे गिअरही घेऊ नका, त्यांचा पोलाद धक्का सोसण्यासाठी मऊ ठेवलेला असतो आणि रोजच्या मैलांत तो झिजतो. अ‍ॅक्सल बाहेर निघतील तेव्हा बेअरिंग फिरतात ती जागा बोटाने चाचपून बघायला सांगा, खाच लागली तर अ‍ॅक्सलही बदला.

स्पीडोमीटर विसरू नका. गिअरबॉक्समधला प्लास्टिकचा छोटा गिअर बदलला नाही तर ३.७३ वर खऱ्या ६० ला काटा ८२ दाखवेल, आणि ओडोमीटरवर मैलही तितकेच खोटे चढतील.

पहिल्या दिवशी गाडी हातात आली की वीस मिनिटं हळू चालवा, मग घरी आणून पूर्ण थंड होऊ द्या, हात लावला तर गार लागेपर्यंत. असं दोन-तीनदा करा. नवे दात एकमेकांना घासून गुळगुळीत होताना भयंकर तापतात, आणि याच वेळी सलग हायवेवर नेलं तर त्यांचा कडकपणा कायमचा जातो. म्हणजे पहिले शंभर मैल आय-१० नाही, त्या आठवड्यात ऑफिसला दुसऱ्या गाडीने जा. ५०० मैलांपर्यंत जोर नाही, आणि ५०० ला तेल बदला, जीएल-५ चं ८०डब्ल्यू-९०, लिमिटेड स्लिप असेल तर त्याच्या अ‍ॅडिटिव्हसकट. जुनं तेल फेकण्याआधी तळाचा गाळ दोन बोटांत चोळून बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती जुळण्याची खूण आहे, काळजी नको. बोटाला कण टोचले तर गाडी तिथेच उभी करा आणि ज्याने बसवलं त्याला झाकण उघडायला लावा.